गो, नो-गो

शिरोलीत माझ्या टेबलावर
एका शिफ्टला नऊशे बुश येतात.
गेज घालायचा. एका टोकानं आत जायला हवा,
दुसऱ्या टोकानं अडायला हवा.
गो, नो-गो. गो, नो-गो.
पलीकडं सुलभाकाकी हेच करते
आणि करता करता
जावेच्या भांडणाचा पुढचा भाग सांगते.

रात्री घरी, राजारामपुरी, नववी गल्ली,
हाताला पुन्हा तेच काम:
निळी खाण, कुदळ, अठ्ठेचाळीस ठोके, एक खडा.
असले दहा हजार खडे दिले
की एक तलवार मिळते.
आई दारातून बघते, म्हणते,
कंपनीत पगार तरी देतात गं.

शाहिद मुल्लानं एका पेन ड्राइव्हवर
वीस ओळींची स्क्रिप्ट आणून दिली.
"तुझ्या त्या बाईला ना झोप, ना मानदुखी.
तिला लाव कामाला, तू निवांत पड."
नियमात बसत नाही रे, मी म्हटलं.
तर म्हणाला, नियम कुणी केला?
ज्यानं एका खड्याला अठ्ठेचाळीस ठोके लावले, त्यानंच ना?
याला मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही सुचलेलं नाही.

त्या रात्री लाइट गेली नाही, नेट गेलं नाही.
सहाला उठले तर पिशवी गच्च:
चारशे बारा खडे.
बघता बघता गॅसवरचा चहा उतू गेला.

मग सहज वर सरकवलं.
कोपऱ्यात बारक्या अक्षरांत कटवडा_०९.
रोज दोनच्या सुमाराला येतो,
माझ्या शेजारच्या भिंतीवर कुदळ मारतो.
खरं नाव माहीत नाही.
कुठल्याशा एटीएमवर रात्रपाळीला बसतो, एवढंच.
व्हीनस कॉर्नरला का दसरा चौकात,
मी कधी विचारलं नाही.

२.०४ जेवलीस काय
२.०६ आज लई गारठा हाय
२.१९ ओ बाई
२.२० रागावलीस काय
२.४१ आमच्या एटीएमला आता माणूस नको म्हणं. कॅमेरा बसिवलाय
२.४२ उद्यापासनं भावाच्या गाड्यावर
२.४३ म्हंजे रात्रीचं जमायचं नाही
२.५८ आज खडं लई पटापट काढाय लागलीस की
३.१० बरं, येतो

आणि प्रत्येक ओळीच्या मध्ये माझी बाई:
खडा मिळाला.
खडा मिळाला.
खडा मिळाला.
एकदासुद्धा हात चुकला नाही तिचा.

मी सव्वासहाला लिहिलं, आहे मी, झोपले होते.
त्याचं नाव करडं झालं होतं.

स्क्रिप्ट मी पुसली नाही, खोटं कशाला सांगू.
आता तिला मासे धरायला बसवते.
त्या तळ्यावर कुणी येत नाही,
मी चार रात्री जागून बघितलंय.
खाणीत मात्र मीच जाते. दोन वाजता.
शेजारची भिंत तशीच आहे, खडे लागलेली,
मी तिला हात लावत नाही.
शाहिद म्हणतो, तू येडी आहेस.
असेन.

कंपनीत दिवाळीनंतर
बुश तपासायला कॅमेरा येणार म्हणतात.
नऊशेच्या जागी नऊ हजार.
माझ्या मनगटाला ते बरंच आहे.
काकीनं एवढंच विचारलं, मग आपण बसायचं कुठं?

परवा रविवारी
तीन गाड्यांवर कटवडा खाल्ला.
विचारणार तरी काय?
दादा, तुमच्याकडं कुदळ आहे का?
तिसऱ्या गाड्यावरचा पोरगा तेलापाशी एकटाच,
डोळ्यांखाली काळं, जुन्या जागरणाचं असेल
किंवा धुराचं.
एकामागून एक वडे सोडत होता,
मान वर न करता.

मी म्हटलं, जेवलास काय?
त्यानं झारा थांबवला. बघितलं माझ्याकडं.
म्हणाला,
ताई, कट अजून घालू?